दोन कोऱ्या काचा

१

जनावरांच्या त्या दवाखान्यातली सगळ्यात लहान खोली तिच्या वाट्याला आली होती. एक टेबल, एक मायक्रोस्कोप, एक स्टूल आणि अंगणाकडे उघडणारी खिडकी. एवढं मांडल्यावर पाय कुठे ठेवायचा हाच प्रश्न उरे. बावीस वर्षं ती तिथे बसून कुत्र्यांची कातडी बघत होती. डॉक्टर तिला ‘बाई’ म्हणत. कुत्री धरणारे मामा मात्र ‘भिंगबाई’ म्हणत, आणि तिला ते आवडे, कारण एवढ्या लाडाने तिला दुसरं कुणी हाक मारत नसे.

काम तसं साधं. खरजेचं कुत्रं आलं की मामा त्याला पत्र्याच्या टेबलावर धरत. ती बोथट केलेल्या पात्याला तेलाचा थेंब लावी आणि कानाची कड किंवा कोपर हलक्या हाताने खरवडी. रक्ताचा ठिपका दिसेपर्यंत खरवडावं लागे, कारण खरजेचे किडे कातडीच्या वर बसत नाहीत, आत बोगदे करून राहतात. निघालेला भुगा काचेवर पसरायचा, वर पातळ चकती ठेवायची आणि भिंगाखाली धरायचं. आठ आखूड पायांचे वाटोळे किडे तेलात आपल्याच नादात हातपाय मारताना दिसत. जिवंत किती, मेलेले किती, अंडी किती, ते कागदावर लिहायचं. काहीच नसलं तर लिहायचं, ‘काच कोरी’.

पंधरा दिवसांच्या अंतराने लागोपाठ दोन काचा कोऱ्या आल्या तरच कुत्रं बरं झालं म्हणायचं आणि घरी पाठवायचं, असा दवाखान्याचा नियम होता. एक कोरी काच कुणी जमेस धरत नसे. पण तिने दुसऱ्यांदा कोरी म्हटली की ती कोरी. मग डॉक्टरसुद्धा पुन्हा भिंगात डोकावत नसत.

तो एका सोमवारी सकाळी फाटकाला सुतळीने बांधलेला सापडला. केस इतके गळलेले की मूळचा रंग कोणता हे सांगता येईना. मामांनी त्याचं नाव ठेवलं ‘टकल्या’. स्वतःच्या गुळगुळीत डोक्यावरून हात फिरवत म्हणाले, “हा आमच्याच घराण्यातला दिसतोय.” तिने त्याच्या कानाची कड दोन बोटांत चोळली तशी त्याची मागची तंगडी टेबलावर ताशासारखी वाजायला लागली. खरजेची ती जुनी खूण. काचेवर चौदा जिवंत निघाले, अंडी तर मोजायचीच सोय नव्हती.

चार नंबरचा पिंजरा तिच्या भिंतीच्या बरोबर पलीकडे होता. टकल्या तिथे दिवसभर खाजवी. खर्र खर्र, मग पत्र्याच्या तळावर नखांची टणटण, मग थोडा दम खाऊन पुन्हा खर्र खर्र. दुसऱ्या कुणाचं डोकं उठलं असतं. तिला बरं वाटे. तिच्या घरात गेल्या वर्षापासून कसलाच आवाज नव्हता. अकरा वर्षं जिचं सगळं केलं ती आई गेली होती, धाकटा भाऊ दुसऱ्या गावी होता आणि रविवारी फोन करायचा. ती एकटी होती आणि ते तिला चांगलंच ठाऊक होतं.

तिसऱ्या दिवसापासून ती डबा घेऊन चार नंबरसमोर बसायला लागली. त्याला औषध तीच लावी, मग तासभर त्याच्या डोक्यावर हात ठेवून बसे. तो डोळे मिटून घेई.

“हातमोजे घालत जा, बाई,” डॉक्टर म्हणाले. “खाज येईल अंगावर.”

“मला कुठे काय होतंय?”

ते खरं होतं. डॉक्टरांना आणि मामांना आजवर सहा-सात वेळा तरी कुत्र्यांकडून खाज लागली होती. तिला कधीच नाही. तिची कातडी जाड आहे अशी मामा थट्टा करत. तिचं तिकडे लक्ष नव्हतं. हा बरा झाला की आपण घरी न्यायचा, हे तिने मनाशी पक्कं करून टाकलं होतं.

२

बाराव्या दिवशी सकाळी ती स्टुलावर बसली आणि तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. पंखा फिरत होता. बाहेर मामा बादल्या आपटत होते. औषधांचा फ्रिज नेहमीसारखा गुरगुरत होता. सगळं जागच्या जागी होतं, तरी खोली मोठी झाल्यासारखी वाटत होती. दोन-तीन मिनिटांनी तिच्या लक्षात आलं. भिंतीपलीकडून खाजवण्याचा आवाज येत नव्हता.

चप्पल न घालताच ती पलीकडे धावली. टकल्या बसलेला होता. तिला बघून त्याने शेपटीने पत्रा बडवला. तिने त्याच्या कानाची कड चोळली. तंगडी हलली नाही. पुन्हा चोळली. तो नुसता तिच्याकडे बघत राहिला.

मामांना बोलावून तिने तीन ठिकाणी खरवडलं आणि तीन काचा केल्या. तिन्ही कोऱ्या.

खरं म्हणजे तिने पेढे वाटल्यासारखं सगळ्यांना सांगत सुटायला हवं होतं. पण ती स्टुलावर बसून राहिली. औषधाने किडे मरतात हे तिला कुणी शिकवायला नको होतं. पण मेलेले जातात कुठे? ते बोगद्यातच पडून राहतात, अंड्यांची टरफलं राहतात, सगळं झडायला आठवडेच्या आठवडे जातात. ‘जिवंत शून्य, मेलेले सहा’ असं तिने शेकडो वेळा लिहिलं होतं. इथे मढं नव्हतं, टरफल नव्हतं. भाडेकरूंनी खोली झाडून पुसून, खिळेसुद्धा उपटून रिकामी करावी तसे ते बोगदे होते.

अशी काच तिने आधी एकदाच पाहिली होती. फार वर्षांपूर्वी एक कुत्रा टेबलावरच गेला होता आणि डॉक्टरांनी दोन तासांनी त्याचं कातडं खरवडायला सांगितलं होतं. आत काही नव्हतं. किडे सगळे वर, केसांच्या टोकांना येऊन थांबले होते. “अंग गार पडायला लागलं की त्यांना कळतं,” डॉक्टर म्हणाले होते, “मग ते निघतात.”

पण टकल्याचं अंग ऊन होतं. तो तिचा हात चाटत होता.

“औषध लागू पडलं, बाई. तोंड का पाडलंय?” डॉक्टर दारात उभे होते.

“मेलेले कुठे गेले?”

“आंघोळीत गेले असतील धुऊन.”

“बोगद्यातलेसुद्धा?”

“बाई, बऱ्या झालेल्या कुत्र्याची आपण चौकशी बसवतोय का?” ते हसले. “घेऊन जा त्याला घरी. दुसऱ्या काचेला पंधरा दिवसांनी आणा. तुमचा जीव जडलाय ते दिसतंय मला.”

तिच्या मनातली शंका तिथेच विरघळली. एवढी आयती चालून आलेली गोष्ट कोण नाकारेल?

३

तिचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. दोन खोल्या, लांबट स्वयंपाकघर आणि आईच्या पलंगाची मोकळी जागा. तिथे तिने जुनी गोधडी अंथरली. टकल्याने ती हुंगली, तीन गिरक्या घेतल्या आणि तो तिथेच वेटोळं करून झोपला. ती खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसली आणि कितीतरी वेळ नुसती हसत राहिली.

पहिले चार दिवस तिला सुखाचे गेले. घरी यायला आता कारण होतं. दार उघडताना आत नखांची टिकटिक ऐकू येई. ती त्याला उकडलेलं अंडं भरवी, दवाखान्यातल्या सगळ्या भानगडी सांगे, आणि बोलता बोलता आपला आवाज किती बसलाय हे तिचं तिलाच जाणवे. तो तिच्यापासून हातभरही लांब जात नसे. डोकं तिच्या पावलावर ठेवल्याशिवाय त्याला झोप लागत नसे.

पाचव्या दिवशी तिने त्याचं ताट उचललं आणि तिच्या लक्षात आलं की अर्धं अंडं सकाळपासून तसंच पडलंय, पण त्यावर एकही मुंगी नाही. या मुंग्यांशी तिचं वर्षानुवर्षांचं वैर होतं. साखरेचा डबा पाण्यात ठेवावा लागे. तिने ओट्याच्या मागे बघितलं. रांग नव्हती. खिडकीच्या चौकटीतली भोकं रिकामी होती. आधी तिला हायसं वाटलं. मग ती आठवायला लागली, रांग शेवटची कधी दिसली होती? टकल्या यायच्या आधी? की त्याच्याही आधी? काही केल्या आठवेना. आपल्या घरातल्या कुठल्या गोष्टीकडे आपण किती दिवसांत पाहिलेलं नाही, याचीच तिला लाज वाटली.

माश्या नव्हत्या. दिव्याजवळची पाल नव्हती. खिडकीच्या पत्र्यावर समोरच्या घराची कबुतरं बसत, ती तिच्या खिडकीची दोन हात जागा सोडून पलीकडे बसत होती. प्रत्येकाला काहीतरी कारण असतंच. ऋतू बदलला असेल. खाली कुणी औषध फवारलं असेल. कुत्र्याच्या वासाने कबुतरं बिचकत असतील. ती भिंगात बघणारी बाई होती, दिसल्याशिवाय काही मानायचं नाही हा तिचा धंदा होता.

म्हणून तिने जे दिसतं ते मोजायला घेतलं. ती रोज संध्याकाळी टकल्याचा ताप बघे आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर आकडा लिही. कुत्र्याचं अंग माणसापेक्षा ऊन असतं, १०१च्या खाली सहसा जात नाही. पहिल्या दिवशी होतं १०१.६. मग १०१.१. मग १००.५. आठव्या दिवशी ९९.८.

तो खात होता, पीत होता, शेपूट हलवत होता. फक्त भुंकत नव्हता. आणि झोपेतून उठायला त्याला थोडा जास्त वेळ लागत होता.

रविवारी भावाचा फोन आला. “ताई, आवाज छान येतोय तुझा. बरं झालं कुत्रा आणलास.”

“त्याचं अंग जरा गार लागतंय रे.”

“मग जवळ घेऊन झोप ना त्याला.”

तिने तसंच केलं.

४

सोमवारी तेलाची नवी बाटली उघडायची होती. तेलात धूळ किंवा बुडबुडे असले तर भिंगाखाली फसगत होते, म्हणून नवी बाटली आधी, किडे असणार हे ठाऊक असलेल्या काचेवर बघायची असा तिचा शिरस्ता होता. त्यासाठी माणसाची भुवई उपयोगी पडते. मोठ्या माणसाच्या भुवयांत आणि पापण्यांच्या मुळांशी एक निराळ्या जातीचे, लांबट, निरुपद्रवी किडे राहतात. कुणालाच त्यांचा पत्ता नसतो. मामांची भुवई गेली कित्येक वर्षं या कामाला जुंपलेली होती. त्या दिवशी मामा बाहेर गेले होते, म्हणून तिने आरसा पुढे घेतला आणि स्वतःची भुवई खरवडली.

काच कोरी.

तिने दुसरी भुवई घेतली. मग नाकाची कड. मग पापणीचे दोन केस उपटले. चारही काचांवर नुसतं स्वच्छ तेल आणि केसांची मुळं.

तेलात काही दोष असेल असं तिला वाटलं. मामा आले. त्यांना बसवून तिने त्यांची भुवई घेतली. त्याच तेलात सहा निघाले, चांगले वळवळणारे. डॉक्टरांची घेतली. दोन.

“तुमची किती?” डॉक्टरांनी विचारलं.

“एकही नाही.”

“काय सांगता! या वयात?” मामा म्हणाले. “भिंगबाई, एवढा कसला साबण लावता तो आम्हालाही सांगा की.”

ते दोघे हसले, तीही हसली. पण वयाबरोबर ते किडे वाढतात, कमी होत नाहीत, हे तिला ठाऊक होतं. ती त्रेपन्न वर्षांची होती. तरुणपणी, नोकरीच्या पहिल्या वर्षी, तिने स्वतःच्या भुवईतले पाहिले होते, तेव्हा पाच होते. मधल्या काळात कधी बघितलंच नव्हतं.

दार लावून तिने स्वतःचा ताप पाहिला. अगदी हवा तेवढा.

मग हे कुत्र्यामुळे होतंय, असं तिच्या मनाने घेतलं. त्याच्यात काहीतरी आहे, ते आधी त्याच्या अंगावरचं सगळं घालवतं, मग घरातलं, मग माझ्यावरचं. त्या संध्याकाळी जिना चढताना तिला पहिल्यांदा त्याची भीती वाटली. दार उघडलं तर तो उंबऱ्याशी उभा होता. त्याला उभं राहायला त्रास होत होता, तरी शेपूट हलत होती. ती खाली बसली आणि तिने त्याला पोटाशी धरलं. त्याचं नाक गार होतं, कानही गार होते. ‘असेल काही तुझ्यात,’ तिने मनात म्हटलं, ‘पण मी तुला सोडणार नाही.’

५

दुसऱ्या काचेच्या दिवशी डॉक्टरांनी तिला एक बातमी दिली. निवृत्त पोस्टमास्तर आणि त्यांची बायको, त्यांचा म्हातारा कुत्रा मध्यंतरी गेलेला, त्यांना टकल्या हवा होता. दोघं येऊन अंगणात बसलीसुद्धा होती. आजींनी पिशवीतून नवा पट्टा काढला होता.

“काच कोरी आली की देऊन टाकू,” डॉक्टर म्हणाले. “तुम्ही दिवसभर इथे असता, बाई. तो एकटा पडतो. तिथे दोन माणसं आहेत, अंगण आहे. खरं ना?”

तिला तो हवा होता. आणि त्याच्यात काही असलंच, तर या म्हाताऱ्यांच्या घरात ते कशाला पाठवायचं? दोन्ही कारणं एकाच बाजूला ओढत होती. काच कोरी यायला नको होती.

तिने टकल्याला मामांबरोबर अंगणाच्या पार टोकाला पाठवलं. दोन नंबरच्या पिंजऱ्यात कालच एक खरजेचं पिल्लू आलं होतं. तिने त्याची कोपरं खरवडली, काच केली आणि काचेवर लिहिलं, ‘टकल्या’. बावीस वर्षांत पहिल्यांदा ती खोटं लिहीत होती.

डॉक्टरांना दाखवण्याआधी तिने काच भिंगाखाली धरली. मधोमध काहीच नव्हतं. तिने काच सरकवली. किडे होते, चांगले वीस-पंचवीस, जिवंत. पण सगळे एका कडेला, एकमेकांच्या अंगावर चढलेले. खरजेचे किडे असे कळप करत नाहीत, जिकडे तोंड असेल तिकडे हातपाय मारतात. हे सगळे एकाच दिशेला, तिच्यापासून लांबच्या कडेकडे, जीव तोडून पाय चालवत होते.

उजेडामुळे असेल. तिने काच उलट फिरवली. आता ते तिच्या बाजूला आले. ती बघत राहिली. सावकाश, एकेक करून, ते वळले. तीन मिनिटांत सगळे पुन्हा पलीकडच्या कडेला होते.

तिने मायक्रोस्कोप उचलून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि ती त्याच्या उजव्या बाजूला उभी राहिली. ते वळले. खिडकीतून टकल्या दिसत होता, अंगणाच्या टोकाला, आजींच्या पायाशी. तो डावीकडे होता. किडे त्याच्यापासून पळत नव्हते. ते सरळ त्याच्याच दिशेला चालले होते.

तिने डोळा भिंगाला लावून ठेवला आणि करंगळी हळूच काचेजवळ नेली. मागच्या रांगेतले पुढच्यांना तुडवून वर चढले.

ती स्टुलावर बसली. पंखा फिरत होता, फ्रिज गुरगुरत होता. आईच्या पायांना वर्षानुवर्षं खाज होती. नोकरी सांभाळून ही रोज तेल चोळायला लागली आणि दोन महिन्यांत ती खाज थांबली. ‘माझ्या लेकीच्या हाताला गुण आहे,’ आई येईल त्याला सांगायची. शेवटच्या वर्षात आईला डाससुद्धा चावत नसत. हात-पाय गार पडत, तीन-तीन पांघरुणं घालावी लागत, आणि त्यावरून ही तिला कुशीत घेऊन झोपे. अकरा वर्षं.

तिने ती खोटी काच फडक्याने पुसली. कपाटातून हातमोज्यांची जोडी काढून चढवली, मामांना हाक मारली आणि टकल्याला खरवडायला सांगितलं.

“मी?” मामा बघतच राहिले. “तुमच्या लाडक्याला?”

“तुम्हीच करा. माझा हात दुखतोय.”

काच कोरी आली. तिने तसं लिहिलं आणि सही केली. आजींनी पट्टा बांधला. तो फाटकापर्यंत चारदा मागे वळला. तिने खिडकी लावून घेतली आणि त्या लहान खोलीत ती हुंदके देऊन रडली. त्याला जाऊ दिलं, त्याच्यावर तिने खरी माया केली ती एवढीच, असं तिला वाटलं.

६

तो गेल्यापासून सोळाव्या दिवशी दुपारी अंगणातून तो आवाज आला. खर्र खर्र, आणि फरशीवर नखांची टणटण.

ती उठली नाही. भिंतीला पाठ लावून ऐकत राहिली. डॉक्टरांचा आवाज आला, “दोन कोऱ्या काचा आणि तरी परत! असं कधी झालं नाही.” मग, “ताप १०१.८. तब्येत तशी ठणठणीत आहे, पण कातडी बघा.” आजी आपले हात दाखवत होत्या, मनगटापासून कोपरापर्यंत पुरळ उठलं होतं. पोस्टमास्तरांची मानही लाल झाली होती. भिंतीआड तिला आनंदाने भरून आलं. तो खाजवत होता. तो ऊन होता. त्याच्या अंगावर वस्ती परतली होती.

“बाई, या ना जरा!”

तिने हातमोजे घातले आणि ती दारात आली. टकल्याने मान वर केली. पुढच्याच क्षणी पोस्टमास्तरांच्या हातून पट्टा सुटला होता आणि तो तिच्या पायांवर येऊन आदळला होता. पोटापर्यंत नव्याने केस उगवले होते, तांबूस, मऊ. त्याचा मूळचा रंग तिला आज कळला. तो मध्येच थांबून खाजवे, कण्हे, आणि पुन्हा तिच्या गुडघ्याला डोकं घासे. कानाची कड रक्ताळली होती.

“रात्रंदिवस असंच चाललंय,” आजी म्हणाल्या. “झोप नाही त्याला. बघवत नाही हो.”

तो हातमोजा दातांत धरून ओढायला लागला. त्याला तो रबर नको होता. तिने सोडवायला हात मागे घेतला आणि हातमोजा त्याच्या तोंडात राहिला. उघडा तळवा त्याच्या डोक्यावर पडला.

खाजवणं थांबलं.

त्याने डोळे मिटले. एक लांब श्वास सोडला आणि सगळं अंग तिच्यावर टाकून तो उभा राहिला.

“बघा!” आजी म्हणाल्या. “तुमच्याजवळ कसा शांत झाला. त्याला तुम्हीच हव्यात.”

ती वाकली होती. टकल्याचा कान तिच्या डोळ्यांपासून वीतभर होता आणि बावीस वर्षं ती हेच बघायला शिकली होती. कानाच्या कडेवर, नव्या केसांच्या मुळांतून, पिठासारखं काहीतरी वर येत होतं. बारीक, पांढुरके ठिपके, एकेका केसावरून चढत टोकापर्यंत. टोकाला आलेले थांबले होते. त्यांचे पुढचे पाय हवेत होते. तिच्या तळव्याच्या भोवताली एक वर्तुळ मोकळं झालं होतं आणि ते वाढत होतं.

आजींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. ठिपके तिकडे वळले.

“माझ्या मते,” डॉक्टर म्हणाले, “पंधरा-वीस दिवस बाईंकडेच ठेवावा. मागच्या वेळी तुमच्याकडेच बरा झाला. या दोघांनाही औषध घेऊ दे. पिंजऱ्यात ठेवला तर खाजवून खाजवून मरेल तो. काय, बाई?”

नाही म्हणायचं होतं. एवढाच शब्द. तिने तोंड उघडलंसुद्धा. मग तिला तिसऱ्या मजल्यावरची गोधडी आठवली, जी तिने अजून उचलली नव्हती. सोळा दिवस दार उघडताना आत ऐकू न आलेली टिकटिक आठवली. आठच दिवस ठेवू. रोज ताप बघू. त्याला बाहेरच्या खोलीत झोपवू, हात लावायचा नाही, लावला तर मोजे घालून. शंभरच्या खाली गेला की त्याच दिवशी परत आणून देऊ. हे सगळं तिला अगदी पटलं.

“बरं,” ती म्हणाली.

भर दुपारची वेळ होती. रस्त्यावर उन्हं पसरली होती आणि समोरून येणारी माणसं, ती त्यांना नीट दिसायच्या आधीच, फुटपाथ सोडून पलीकडे जात होती. पट्ट्याची गरज नव्हती. टकल्या तिच्या पायाला अंग लावून चालत होता, एकदाही न थांबता.

“खाजव रे,” ती त्याला म्हणाली.

कोपऱ्यावर ती थांबली. तिने वाकून त्याच्या कानाची कड दोन बोटांत धरली आणि चोळली. जोरात चोळली. “एकदा खाजव, राजा. एकदाच.”

त्याने तिच्याकडे बघून शेपूट हलवली.